बिनपाटीचा गाळा

माझा डावा पाय साकीनाक्याला बनतो. असं म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या पायाकडे बघतो आणि मग कुठे बघावं ते त्याला कळत नाही. त्याची ती तारांबळ बघायला मला आवडते, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम वापरते. पण त्यात खोटं काही नाही. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघ्यापाशी बिजागरी आणि बाहेरच्या बिजागरीवर एक कडी. उभं राहिलं की कडी खाली सरकवायची, मग गुडघा ताठ राहतो आणि पाय माझं वजन घेतो. बसताना कडी वर ओढायची. एवढंच यंत्र. पण ती कडी झिजून सैल झाली की चालता चालता आपणहून वर सरकते, गुडघा दुमडतो आणि मी भर रस्त्यात आडवी. माझं चालणं, माझी नोकरी, घाटकोपरच्या बाजारात भाजीवाल्याशी उभ्या उभ्या भांडण्याचं सुख, सगळं त्या कडीवर आहे. आणि ती कडी काशीराम घाडी करतात.

काशीरामकाका तुम्हाला शोधून सापडणार नाहीत. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आधी प्रेसचा धाडधाड आवाज, मग प्लास्टिकच्या साच्यांचा वास, मग पॉलिशवाल्यांच्या दारातली काळी धूळ. त्यांच्या शेजारी एक लेथ मशीन आणि त्यावर वाकलेला माणूस, हा काकांचा गाळा. वर पाटी नाही. बिलबुक नाही. फोन करून कोणी विचारलं, "कंपनीचं नाव काय?" तर काका म्हणतात, "नाव नाय. तू ये, मशीनीचो आवाज येयत."

मी पहिल्यांदा तिथे गेले ती बाबांचा हात धरून. बाबा एका शाळेत शिपाई होते. कडीला चीर गेली होती आणि इस्पितळातले म्हणाले, पुढच्या महिन्यात या. महिनाभर मी शाळेत कशी जाणार, हे विचारायची बाबांना हिंमत झाली नाही. मग कुणीतरी सांगितलं की आपल्या कुडाळकडचा एक माणूस साकीनाक्याला टर्नर आहे, बघा जमलं तर. काका तेव्हा तरुण होते. गाळा नुकताच घेतलेला. बाबांनी सुरुवात केली, "हिच्या पायाला ना, ही लहान होती तेव्हा..." काकांनी त्यांना तिथेच थांबवलं.

"पायाक काय झाला ता माका नको सांगा. बिजागरीक काय झाला, ता बोला."

तोवर मला जो भेटेल तो आधी पायाला काय झालं ते विचारायचा आणि मग चक् चक् करायचा. हा पहिला माणूस निघाला जो बिजागरीबद्दल बोलला. मी त्या दिवशीच त्यांची झाले म्हणा ना. त्यांनी भंगाराच्या डब्यातून एक तुकडा काढला, मशीनला लावला, कातला, मधूनच पट्टीला लावून बघितला, पुन्हा कातला. कडी बसवली आणि म्हणाले, "चाल बघूया." मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. तेलाने माखलेल्या त्या गल्लीत मी एकटी, कुणाचा हात न धरता. बाबांचा हात खिशाकडे गेला तसे काका मशीनकडे वळले. "गावाक गेलास की आमसुला घेवन ये," एवढंच बोलले. तेव्हापासून कडी झिजली की साकीनाका आणि कुणी गावाहून आलं की आमसुलं, असं आमचं चाललंय. बाबा गेले, तरी चाललंय.

नवीन हलके कॅलिपर आले तेव्हा मी ते घालून बघितले. छान होते, पण त्यांनी माझी मांडी सोलून काढली. डॉक्टर म्हणाले, जुनाच सोसतोय तर जुनाच ठेवा, फक्त कडी मिळत राहिली पाहिजे. मी म्हटलं, "ती काळजी नाही हो. माझी फॅक्टरी आहे."

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिथून वळते. जे धंदे कुठेच नोंदलेले नाहीत त्यांची सरकार मधूनमधून पाहणी करतं. त्या पाहणीत दारोदार फिरून प्रश्न विचारणाऱ्यांतली मी एक. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. तेही अकरा महिन्यांच्या करारावरचं. म्हणजे ज्यांचं नाव कुठल्या मस्टरवर नाही अशांची मोजदाद करायची, आणि ती करणार कोण, तर जिचं नाव कुठल्या मस्टरवर कायम नाही ती! आमच्या प्रशिक्षणात एका साहेबांनी पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला. याला छाया अर्थव्यवस्था म्हणतात, म्हणाले. स्वित्झर्लंडमध्ये ती अगदी थोडी, बोलिव्हिया आणि जॉर्जियात मात्र देशाच्या कमाईच्या निम्म्याहून अधिक असावी असा अंदाज. जगातली निम्म्याहून जास्त कमावती माणसं नोंदीबाहेर काम करतात. मग कारणं आली. कर जड, नियम किचकट, पक्क्या नोकऱ्या कमी, सरकारवर भरवसा नाही. मी हात वर करून विचारलं, "सर, मग आम्ही कशात मोडतो?" साहेब म्हणाले, "चहा घेऊया."

मला राग आला तो त्या नावाचा. छाया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तस्कर येतात, पोत्यात नोटा भरणारे येतात. ते असतील. पण त्यांच्या दारात टॅब घेऊन जायची माझी काय टाप आहे! मी जाते ती पापड लाटणाऱ्या बायकांच्या, साचे ओतणाऱ्यांच्या दारात. तिथे माझं ओळखपत्र दिसलं की शटर खाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांची काय चूक?

आणि गंमत बघा, एके दिवशी टॅबवर पुढचा पत्ता आला तो काकांच्या गाळ्याचा. यंत्रानेच निवडलेला. मी गेले तर काका मला बघून सवयीने खाली वाकले, कडीकडे.

"कडी ठीक आहे. आज मी सरकारी कामाने आलेय," मी म्हटलं.

"अरे देवा. क्षमा, तू पण?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नाव उघड होत नाही, कर लागत नाही, फक्त देशाला कळतं की इथे काय बनतं. छाया अर्थव्यवस्थेबद्दलही सांगितलं. काकांनी मशीनवरच्या बल्बकडे बोट केलं. "सावलेत काम करतंय मी? सावलेत काम केला तर बोट जायत गो माझा." पण प्रश्नांना उत्तरं दिली, हसत हसत दिली. काय बनवता? मिळेल ते. पंपाचे बुश, गिअरचे दाते, कुणाच्या पिठाच्या चक्कीचा दांडा. मी म्हटलं, "आणि कडी." ते म्हणाले, "ती विकूक नाय." मी टॅबमध्ये शोधलं. विकलेल्या मालाला जागा होती, न विकलेल्या कडीला नव्हती. माझा पाय देशाच्या मोजणीतून सुटला आणि मी पुढच्या गाळ्याकडे गेले.

पावसाळा सरत आला तेव्हा कडी पुन्हा सैल वाटू लागली. जिन्यावर एकदा सरकली, मी कठडा धरला म्हणून वाचले. शनिवारी मेट्रोने साकीनाक्याला गेले, तर काका मशीन चालू न करता बसलेले. बाजूला त्यांची बायको, प्रेमाकाकी, डबा घेऊन आलेली. मला बघून तीच बोलली.

"बरा झाला इलंस. तूच सांग ह्येंका काय ता."

झालं असं होतं की त्या सगळ्या गाळ्यांच्या मालकाने नवा मॅनेजर नेमला होता. त्याने एकेका गाळ्यात येऊन सांगितलं, दिवाळीपर्यंत धंद्याची नोंदणी दाखवा, गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना दाखवा, मग तुमच्या नावाने पक्का करार करू. नसेल तर गाळा खाली करा. आजूबाजूच्यांची धावपळ सुरू झाली होती. काकांनी मात्र मुकाट्याने भंगारवाल्याला बोलावून मशीन दाखवलं होतं.

"पुरे झाला आता," काका म्हणाले. "गावाक जातंय. घराक कौला घालूची आसत."

माझ्या तोंडून गेलं, "आणि माझ्या पायाचं काय?"

बोलल्यावर मला कळलं की किती आपमतलबी बोलले. पण खरं तेच होतं. माणूस घाबरला की आधी स्वतःचंच बोलतो. काकांनी माझी कडी काढली, उजेडात धरून बघितली आणि मशीन सुरू केलं. नवीन कडी बसवून झाली, तशी आणखी एक तुकडा लावून ते दुसरी कातायला लागले. मग तिसरी. मी विचारलं, "या कशाला?" म्हणाले, "ऱ्हवांदे घरात." मला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला. कडी म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला? पट्टी झिजते, बिजागरी वाकते, मी जाड होते, बारीक होते. प्रत्येक वेळी कडी त्या त्या वेळच्या पायाला बेतून करावी लागते. हे मला माहीत होतं आणि त्यांना तर होतंच.

मी डोळे पुसले आणि सरकारी बाईसारखी बोलायला लागले. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी फोनवर होते, फुकट होते, आधार लागतं फक्त. गुमास्त्याचंही मी बघते. माझं कामच आहे हे. अर्धा तास दाताच्या कण्या केल्या. काका ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, नको नको.

"एकदा गेललंय मी कागदाक," शेवटी ते म्हणाले. "तरणो होतंय तेव्हा. ते म्हणाले गाळ्याचो करार आणा. गाळेवालो म्हणालो, करार कसलो, आपलो शब्द आसा मां? मीटर तिसऱ्याच्याच नावार. ह्याक ता होया, तेका ह्या होया. फिरान फिरान चपला झिजली. आणि एकदा नाव लागला की हात पसरणारे वाढतत, ता येगळाच."

"ते तेव्हाचं झालं, काका."

"बरा. मगे माझ्या बापाशीचा आयक."

त्यांचे वडील गिरणीत होते, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. वडिलांकडे सगळं पक्कं होतं. बिल्ला, नंबर, हजेरी, फंड, युनियनची पावती. गावाला कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर आजी सांगायची, तेचा नाव कागदार आसा. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. वडील रोज इस्त्रीचे कपडे घालून बंद फाटकापर्यंत जायचे, कार्ड खिशात घेऊन. बाकीच्यांनी भाजी विकली, रिक्षा धरल्या. वडील नाही. माझं नाव आत आहे, म्हणायचे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि त्या धुपाटण्याची ते पूजा करत राहिले.

"कार्ड अजून देव्हाऱ्यात आसा," प्रेमाकाकी म्हणाली. "सासऱ्यांनी मरताना थयच ठेवूक सांगलेला. ह्ये रोज तेका हात जोडतत आणि कागदाक घाबरतत."

दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, इथे तर तोंड बापाचं पोळलं होतं. साहेबांच्या पडद्यावरचं ते चौथं कारण, 'भरवसा नाही', माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं, हाताला तेल लागलेलं. मी जास्तीच्या कड्या पिशवीत घातल्या आणि निघाले. जाताना काकी दारापर्यंत आली. "खंडेनवमीक ये," म्हणाली. "गाळ्यातली शेवटची पुजा. तू कधी येणस नाय."

ते खरं होतं. नवरात्रात मी आईकडे असायचे, त्यामुळे काकांकडची हत्यारांची पूजा मी कधी पाहिली नव्हती. यंदा गेले. मनात एवढंच होतं की जमलं तर आणखी एकदा सांगून बघू, नाही तर निदान नमस्कार करून यावं. या माणसाचे कधी नीट आभार मानले नव्हते. आमसुलांवरच भागवलं होतं सगळं.

गाळा धुऊन काढला होता. मशीनला झेंडूची माळ, पान्यांना, कानशींना, मायक्रोमीटरला हळदकुंकू. शेजारचा पॉलिशवाला सहदेव आला होता. तो साताऱ्याकडचा. समोरच्या साच्याच्या गाळ्यातले आझमगडचे दोघे भाऊ अंघोळ करून, केसांना तेल लावून आले होते. सगळे ओळीने उभे राहिले. काकांनी नारळ हातात घेतला आणि मी ज्या काकांना ओळखते ते एकदम दुसरेच कुणीतरी झाले.

घाडी म्हणजे गावात देवापुढे गाऱ्हाणं घालणारं घराणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना गावाच्या वतीने एक जण देवाला मोठ्याने सगळं सांगतो, मागणं मागतो आणि त्याचं प्रत्येक वाक्य संपलं की सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे आमची सगळ्यांची याला संमती आहे. गावात तो मान काकांच्या चुलत्यांकडे आहे. इथे साकीनाक्याला काकांचा.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आझमगडच्या धाकट्याचा.

"आज तुझी लेकरा हय हत्यारा पुजूक जमलेली आसत. कोण खयचो, कोण खयचो. कोणाचा नाव खयच्या वहीत नाय, पण तुझ्या ध्यानात आसा. तेंच्या हाताक, बोटांक धक्को लागाक देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

"सहदेवाच्या छातीत पालिशाची धूळ जाता, तेका खोकलो लागाक देव नको. हे दोघे भाव घर सोडून इलेले आसत, तेंची आवस थय बरी ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

एकेकाचं नाव येत होतं. भंगारवाला, चहावाला, चक्कीवाला. मी टॅब घेऊन या गल्लीत कितीतरी फिरले, पण मला एवढी माणसं सापडली नव्हती. आणि मग काका म्हणाले,

"आणि म्हाराजा, ह्या क्षमा चेडवाच्या पायात माझी कडी आसा. रस्त्यात, जिन्यार, गर्दीत ती कडी सरकाक देव नको. चेडवाक पाडू नको!"

"व्हय म्हाराजा!"

सहदेव माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दरवर्षी असतं हे. तुम्हीच होय त्या? मला वाटायचं, काकांची लेक असेल सासरी दिलेली."

मी आईकडे पुरणपोळी खात बसलेली असताना दरवर्षी इथे ही माणसं, जी मला ओळखतही नव्हती, माझ्या पायासाठी ओरडून देवाला संमती देत होती. मी पायावर उभी आहे याचं श्रेय मी आजवर स्वतःच्या जिद्दीला देत आले होते. थोडं असेलही जिद्दीचं. पण बाकीचं कुणाचं ते मला त्या दिवशी कळलं. मी कॅलिपरची पट्टी घट्ट धरून उभी राहिले.

काकांचा आवाज जरा उतरला. "आता म्हाराजा, हो गाळो सुटता. मी गावाक येतंय. आजपासून चेडवाच्या पायाची जबाबदारी तुझी. ती तू पदरात घी आणि माका मोकळो कर!"

"व्ह..." सगळ्यांनी सुरुवात केली.

"नाय म्हाराजा!"

हे मी म्हटलं. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. माझा स्वभावच तसा. पण गाऱ्हाण्यात कुणी नाही म्हटल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नसेल. काकांच्या हातात नारळ तसाच वर. आझमगडचे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले की 'नाय'सुद्धा म्हणायचं असतं की काय. प्रेमाकाकीने तोंडाला पदर लावला, ती हसत होती की घाबरली होती कोण जाणे.

"गो, गाऱ्हाण्यात नाय म्हणणत नाय," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"मग संमती विचारता कशाला? मला मान्य नाही. देवाला लेथ चालवता येतं का? बिजागरीला काय झालं ते विचारणारा माणूस मला एकच भेटला. तुमच्या वडिलांच्या कागदाने दगा दिला, मान्य आहे मला. गिरणी दुसऱ्याची होती. हे मशीन तुमचं आहे. कागद केला तरी तुमचंच आणि फाडला तरी तुमचंच. मला तुमचे उपकार फेडायचे नाहीत, तेवढी माझी ऐपत नाही. मला फक्त पुढची कडी हवीय. आणि त्याच्या पुढची."

गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही आणि नारळ फोडल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. काका अडकले होते. त्यांनी काकीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतास?" ती म्हणाली. "चेडू बोलला ता बरोबर बोलला. आता देवाक दुसरा कायतरी सांगा."

काकांनी मशीनवर हात ठेवला. माळेतलं एक फूल खाली पडलं ते उचलून परत वर ठेवलं. मग त्यांनी नारळ पुन्हा उंच धरला.

"बरा तर म्हाराजा," ते म्हणाले. "चुकला-माकला पोटात घाल. हो गाळो हयच ऱ्हवांदे. कागद करूची बुद्धी दी, आणि जो कागद होयत, तो तरी टिकांदे!"

"व्हय म्हाराजा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या प्रेसवरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

नारळ फुटला, खोबरं वाटलं. काका स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कर काय करूचा ता. आत्ताच कर, उद्या माझा मन बदलात." मी फोन काढला. आधार नंबर घातला, ओटीपी आला तो काकीच्या फोनवर, आणि काकीचा फोन घरी चार्जिंगला. सहदेवने मोटरसायकलवरून जाऊन तो आणला. तोवर काका दोनदा म्हणाले, "बघ, कागद कसो सतावता," आणि मी दोनदा म्हटलं, "गप बसा." पुन्हा ओटीपी मागवला. नाव, पत्ता, मशीन, सगळं भरत गेले. मग प्रश्न आला, काय बनवता?

मी टाइप करायला लागले, यंत्रांचे सुटे भाग.

"काय लिवलंस?" काकांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"ता मागसून लिव. पयला कडी लिव."

"काका, कडी तुम्ही विकत नाही. जे विकता ते लिहायचं असतं."

"हय 'काय इकतास' असा इचारल्यानी काय?"

मी पुन्हा वाचलं. नव्हतं विचारलं. काय बनवता, एवढंच विचारलं होतं. मी सरकारच्या त्या लांबलचक यादीत शोधत गेले आणि खरंच सापडलं, अस्थिव्यंगांसाठीची साधनं तयार करणे. इतकी वर्षं ती ओळ तिथे होती. मी ती निवडली आणि फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी हात पुसून चष्मा लावला आणि वाचायचा प्रयत्न केला, मग मलाच वाचायला सांगितलं. मी वाचलं. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

मग ते उठले, मशीन चालू केलं आणि म्हणाले, "उबी ऱ्हव. चालून दाखव. कडी बघूया."

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि आले.